आजी चालते ते अंगण

आमच्या ॲनिमेशनपटाच्या चौदाव्या शॉटमध्ये एक आजी कमरेवर कळशी घेऊन पडवीतून खाली उतरते, अंगण ओलांडते आणि विहिरीच्या कठड्यापाशी येऊन थांबते. शॉट अकरा सेकंदांचा आहे. सेकंदाला चोवीस फ्रेम या हिशेबाने त्याच्या २६४ फ्रेम होतात आणि आजीचे प्रत्येक रेखाटन दोन फ्रेम टिकते असे धरले, तर तिची १३२ रेखाटने करावी लागतात. ती करणारे सहकारी वेगळे आहेत. पडवी, तिच्या पायऱ्या, नुकतेच सारवलेले अंगण, तुळशीवृंदावन, मागचे माड, विहीर आणि या सगळ्यावरचे सकाळचे आभाळ हे मात्र एकच चित्र असते आणि ते माझ्या वाट्याला येते. आमच्या कामात त्याला कोणी पार्श्वभूमी म्हणत नाही. सगळे ‘बॅकग्राउंड’चे लघुरूप ‘बीजी’ म्हणतात. मी बीजी करते म्हणजे नेमके काय करते, असे आईने एकदा विचारले होते. पात्रे सोडून पडद्यावर जे जे दिसते ते सगळे, असे मी सांगितल्यावर ती म्हणाली, “म्हणजे स्वयंपाक सगळा तुझा आणि वाढायला दुसरी.”

बीजी करण्याच्या ढोबळमानाने दोन वाटा आहेत. एक म्हणजे कागदावर पोस्टर कलरने किंवा संगणकावर डिजिटल ब्रशने ते पूर्णपणे रंगवायचे. दुसरी म्हणजे प्रत्यक्ष जागेचे फोटो काढून, ते कापून, जोडून आणि त्यांच्यावर रंगकाम करून जागा उभी करायची. दुसरी वाट झटपट काम उरकण्याची आहे असा समज आमच्या क्षेत्रातही आहे आणि पहिल्या दिवशी तो खराही वाटतो, कारण फोटो उघडला की घर, झाडे, आभाळ सगळे आयतेच समोर असते. पुढचा आठवडा त्या आयत्याशी भांडण्यात जातो. मी गेली काही वर्षे दोन्ही प्रकारे काम करते आहे आणि आता माझे मत पक्के झाले आहे. कोऱ्या कागदावर काय घालायचे ते ठरवावे लागते, फोटोतून काय काढायचे ते. आणि यातले दुसरे काम जास्त अवघड आहे, कारण फोटोतली प्रत्येक गोष्ट तिथे खरोखरच होती आणि खऱ्या गोष्टीवर ब्रश फिरवायला हात धजत नाही.

या शॉटसाठी मी पहिल्यांदा मे महिन्यात कुडाळजवळच्या एका गावात गेले. ओळखीतून एक जुने चिरेबंदी घर पाहायला मिळाले होते. जांभ्या दगडाच्या भिंती, गुडघ्याच्या वर येईल एवढे उंच जोते, पुढे लाकडी खांबांची लांबट पडवी आणि अंगणाच्या एका कडेला विहीर. घरमालक आजोबांनी सगळे घर फिरवून दाखवले, माळ्यावरही चढू दिले आणि दर तासाला कोकम सरबत पाठवले. दोन दिवसांत मी चारशेच्या वर फोटो काढले आणि काम निम्मे झाले अशा समजुतीत पुण्याला परतले.

पहिली ठेच लागली ती दृष्टिपातळीची. गोष्ट नातवाच्या नजरेने सांगितलेली असल्यामुळे लेआउटमध्ये, म्हणजे शॉटच्या कच्च्या आराखड्यात, दिग्दर्शकाने कॅमेरा जमिनीपासून दोन फुटांवर ठेवला होता. अंगणात बसलेले लहान मूल आजीकडे पाहील तसा. मी मात्र सगळे फोटो उभी राहून काढले होते, म्हणजे लेन्स पाच फुटांच्या आसपास. क्षितिजरेषा नेहमी पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर असते हा यथार्थदर्शनाचा नियम शाळेतल्या इंटरमिजिएट परीक्षेपासून पाठ आहे, पण त्याचा व्यवहारातला अर्थ कामात अडल्यावरच कळतो. सपाट जमिनीवर उभी असलेली सारख्या उंचीची माणसे जवळ असोत की दूर, क्षितिजरेषा त्या सगळ्यांना एकाच ठिकाणी छेदते. कॅमेरा दोन फुटांवर असेल तर ती रेषा वाकलेल्या आजीच्या गुडघ्याच्या जरा वरून जाते, मग आजी पायरीखाली उभी असो की विहिरीपाशी. माझ्या फोटोत ती रेषा तिच्या डोक्यावरून जात होती. परिणाम असा झाला, की आजी खालून पाहिलेली आणि अंगण वरून पाहिलेले. ती अंगणात चालत नव्हती, अंगणाचे चित्र असलेल्या पडद्यासमोर टांगल्यासारखी तरंगत होती.

काहीतरी चुकते आहे हे पाहणाऱ्या प्रत्येकाला दिसत होते, पण काय ते कोणाला सांगता येत नव्हते. कोणी म्हणाले पायाखालची सावली गडद कर, कोणी म्हणाले आजी थोडी मोठी करून पाहा. मी दीड दिवस सावल्यांवर घालवला. शेवटी फोटोतल्या चिऱ्यांच्या आडव्या सांध्यांवर पट्टी धरून रेषा वाढवत नेल्या, त्या जिथे मिळाल्या तिथे खूण केली आणि लेआउट त्यावर ठेवला, तेव्हा दोन क्षितिजरेषांमध्ये चांगली हातभर वाटावी अशी दरी निघाली. ही दरी नंतर बुजवता येत नाही. कललेली भिंत ओढून सरळ करता येते, वाकलेला खांब ताठ करता येतो. पण पाच फुटांवरून दिसलेला जोत्याचा वरचा सारवलेला पृष्ठभाग दोन फुटांवरून दिसणारच नसतो आणि दोन फुटांवरून जे वासे आणि छपराची जी खालची बाजू दिसायला हवी, ती फोटोत पुरेशी आलेलीच नसते. ज्या जागेवरून पाहिले, ती जागा फोटोत कायमची गोठलेली असते.

ऑक्टोबरच्या अखेरीस पुन्हा गेले तेव्हा आजोबांनी मला बसायला पाट दिला, कारण ट्रायपॉड दोन फुटांवर आणल्यावर त्यामागे उभे राहणे शक्यच नव्हते. आता माझ्या वहीत प्रत्येक फोटोपुढे लेन्सची उंची, तोंड कोणत्या दिशेला, किती वाजले आणि चौकटीत असलेल्या एखाद्या वस्तूचे खरे माप अशी नोंद असते. जोते अडीच फूट, मधला खांब सात फूट. एवढे एक माप हाताशी असले की आजी केवढी काढायची हा वाद मिटतो. मोबाइलच्या रुंद लेन्सने मी आता फक्त नोंदीपुरते फोटो काढते, बीजीसाठी नाही, कारण त्या लेन्सने कडेचे खांब बाहेरच्या बाजूला ताणले जातात. पात्र मात्र चौकटीच्या मध्यापासून कडेपर्यंत चालत गेले तरी ताणले जात नाही, कारण ते रेखाटणाऱ्याने तसे रेखाटलेले नसते.

दुसरी ठेच उजेडाची. शॉट सकाळचा होता आणि माझे फोटो दुपारी चारचे. मे महिन्यातले ऊन इतके स्वच्छ पडले होते, की खांबांच्या सावल्या अंगणात काळ्या पट्ट्यांसारख्या उमटल्या होत्या, आणि त्या पूर्वेकडे पडल्या होत्या. सकाळी सावल्या पश्चिमेकडे पडायला हव्यात. सोपा उपाय म्हणून मी फोटो आडवा उलटवला आणि अर्धा तास समाधानात काढला. मग लक्षात आले, की उलटवल्यामुळे तुळशीवृंदावन दाराच्या दुसऱ्या अंगाला गेले आहे आणि विहीर पडवीच्या डावीकडून उजवीकडे आली आहे, आणि तेराव्या शॉटमध्ये आजी ज्या दिशेला तोंड करून निघते त्याच्या नेमकी उलट दिशा चौदाव्यात झाली आहे. आता फोटो काढायला मी ऊन टाळते. झाकोळलेल्या दिवशी दगडाचा, लाकडाचा, सारवणाचा पोत नितळ मिळतो, सावली जवळजवळ नसते आणि मग ऊन कुठून, किती आणि कोणत्या रंगाचे आणायचे हे माझ्या हातात राहते. ऊन फोटोतून घ्यायचे नाही, ते रंगवायचे, हा मी स्वतःला घालून घेतलेला नियम आहे आणि तो मोडल्याचा दर वेळी पश्चात्ताप झाला आहे.

तिसरी गोष्ट मला फार उशिरा दिसली आणि तीही मला दिसली नाही, आजोबांना दिसली. आमची गोष्ट १८५७च्या आसपास घडते. मी फोटोतली विजेची तार काढली होती, छताची डिश काढली होती, छपराच्या एका कोपऱ्यावर टाकलेली निळी ताडपत्री काढली होती, पडवीतल्या भिंतीवरचे कॅलेंडर काढले होते आणि काळ मागे गेला अशी माझी खात्री होती. दुसऱ्या खेपेला मी ते चित्र लॅपटॉपवर आजोबांना दाखवले. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “ही कौला तेव्हा खंय होती गो बाय?” घरावर मंगलोरी कौले होती, चपटी, खाचांची, एकात एक बसणारी. बासेल मिशनने मंगलोरला कौलांचा कारखाना काढला तो १८६५ मध्ये. आमच्या आजीच्या घरावर ती असणे शक्यच नव्हते. त्या काळी कुंभाराने चाकावर केलेली नळीची अर्धगोल कौले असणार किंवा गवताने शाकारलेले छप्पर. आजोबांनी मग मागचा जुना गोठा दाखवला, ज्याच्या एका बाजूला अजून नळीची कौले शिल्लक होती. त्यांच्या दोन ओळी कधी सरळ नसतात, कारण दोन कौले कधी सारखी नसतात. कुठे एक खाली घसरलेले, कुठे फुटक्यावर दुसरे ठेवलेले. ती मी फोटोतून घेतली नाहीत. तेवढा तुकडा घेऊन शेजारी शेजारी चिकटवला असता, तर घसरलेले कौल दर दोन हातांवर त्याच ठिकाणी घसरलेले दिसले असते आणि पाहणाऱ्याचा डोळा अशी पुनरावृत्ती लगेच पकडतो. सगळे छप्पर हाताने रंगवले. त्याला तीन दिवस लागले.

घरी परतल्यावर तोच प्रश्न मी झाडांना विचारायला सुरुवात केली. कुंपणापाशी एक गुलमोहर मी मुद्दाम ठेवला होता, कारण त्याच्या लालने कोपरा छान भरत होता. तो मूळचा मादागास्करचा. वाटेच्या कडेची घाणेरीची जाळी अमेरिकेतून आलेली. दोन्ही काढली आणि त्यांच्या जागी आंबा आणि एक उंडीचे झाड आले. एवढे कोण पाहणार, असे दिग्दर्शक म्हणाला. बहुधा कोणी पाहणार नाही. तरी मला वाटते, की जुन्या काळाचे चित्र खोटे वाटते ते एखाद्या चुकीमुळे नव्हे, तर अशा पाच-सात न दिसणाऱ्या चुका एकत्र आल्यामुळे, आणि फोटो त्या सगळ्या एकगठ्ठा आणतो. शिवाय एक मोसमाची चूक होतीच. मे महिन्यात जांभ्यावरचे शेवाळ वाळून काळे पडलेले होते. आमचा शॉट दिवाळीच्या सुमाराचा, म्हणजे अंगण नुकतेच चोपून सारवलेले आणि भिंतीच्या पायथ्याशी शेवाळ अजून हिरवे असायला हवे. ते ऑक्टोबरच्या खेपेत मिळाले.

आता रंगाकडे येते, कारण खरा झगडा तिथेच झाला. जांभ्या दगडाचा लाल रंग पावसाळ्यानंतर फार भरदार होतो. आजीचे लुगडे दिग्दर्शकाला मरून रंगाचे हवे होते. पहिल्या जुळणीत आजी भिंतीसमोरून जाताना चक्क नाहीशी होत होती. कळशी तेवढी हवेतून जात होती. भिंत फिकी करून पाहिली तर ती उन्हात विटल्यासारखी आजारी दिसू लागली. शेवटी लाल रंगाचा जोर कमी करून भिंत राखाडी-जांभळ्या अंगाला नेली, सांध्यांमधले शेवाळ जरा वर आणले आणि जिथून आजी जाते तेवढ्या पट्ट्यातले उजळ-गडद अंतर दाबून टाकले. फोटोत निखळ काळ्यापासून निखळ पांढऱ्यापर्यंत सगळे टोन हजर असतात. संगणकाच्या शून्य ते २५५ या मोजपट्टीवर सांगायचे तर आजीच्या वाटेवरचा सगळा उजेड-अंधार मी साधारण साठ ते दोनशेच्या मध्ये बसवला. वरचे आणि खालचे टोन आजीसाठी राखून ठेवले. तिचे पांढरे केस आणि कमरेशी पडलेली लुगड्याची गडद चुणी चित्रात सगळ्यात उजळ आणि सगळ्यात गडद असावीत म्हणून. चित्र एकटे पाहिले तर आता ते जरा धुकट वाटते. तसे ते वाटलेच पाहिजे. एकटे पाहताना पूर्ण वाटणारे बीजी पात्र आल्यावर गर्दी करते, हे मला शिकायला बरीच चित्रे वाया घालवावी लागली.

हा धडा नवा नाही. ‘बॅम्बी’ (१९४२) या चित्रपटाच्या सुरुवातीच्या चित्रांत जंगल पानापानासकट रंगवले होते आणि त्यात हरणेच हरवत होती. तेव्हा टायरस वाँग या चिनी वंशाच्या चित्रकाराने जी लहान लहान चित्रे करून दाखवली, त्यांत जंगल हे कडांना पुसट होत जाणारे, मध्यभागी मोकळे आणि बहुतेक ठिकाणी नुसते सुचवलेले होते. त्या पद्धतीमागे सोंग राजवटीतल्या चिनी निसर्गचित्रांचा अभ्यास होता. झाडे किती रंगवायची यापेक्षा हरणाच्या भोवती किती जागा सोडायची, हा प्रश्न त्याने आधी सोडवला. आपल्याकडे हा प्रश्न रंगभूमीने फार आधी हाताळला आहे. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर चित्रपटांकडे वळण्याआधी आपले बंधू आनंदराव यांच्यासोबत संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत असत. राजवाडा, रस्ता, अरण्य असे ते पडदे. नटाने त्यांच्यासमोर उभे राहून पद म्हणायचे. पडदा पाहून प्रेक्षकाने ‘वा’ म्हणावे आणि लगेच नटाकडे वळावे, एवढीच पडद्याला मुभा. आणि कुडाळजवळच्या पिंगुळीच्या चित्रकथीत, म्हणजे चित्रे दाखवत गाऊन गोष्ट सांगण्याच्या लोककलेत, तर पात्रांमागे बहुतेक वेळा कोरा कागदच असतो. जागा गाणारा शब्दांनी उभी करतो. कुडाळपर्यंत जाऊन ते पाहिले नसते तर मला स्वतःचीच लाज वाटली असती.

चौदाव्या शॉटमध्ये शेवटी फोटो आणि रंगकाम दोन्ही राहिले. भिंत, विहीर आणि सारवलेले अंगण यांचा पोत फोटोतला. छप्पर, झाडे, आभाळ आणि सगळा उजेड रंगवलेला. आभाळ मी कागदावर केले. बोर्डावर कागद ओला करून, कडेने गमटेपने ताणून बसवायचा, तो आत्ता तुकतुकीत दिसतो आहे आणि थोड्या वेळाने दिसणार नाही अशा नेमक्या वेळी वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, द्यायचा, आणि मग हात मागे घेऊन बसायचे. ढगाची कड पाण्याला करू द्यावी लागते. पोस्टर कलरची एक खोड सांभाळावी लागते: ओल्यात दिसणारा टोन वाळल्यावर तोच राहत नाही, फिके रंग जरा गडद होतात आणि गडद रंग जरा उजळतात. म्हणून एका जुन्या कागदाच्या पट्टीवर प्रत्येक मिश्रणाचा ठिपका देऊन तो वाळल्यावर पाहायचा आणि मगच चित्राला हात लावायचा. कॅमलच्या बाटल्या पाहून स्टुडिओतल्या नव्या मुलांना शाळेतल्या चित्रकला स्पर्धा आठवतात आणि त्यांना हे साहित्य पोरकट वाटते. ‘माय नेबर टोटोरो’ (१९८८) या चित्रपटाचे कलादिग्दर्शक काझुओ ओगा यांची ती हिरवीगार शेते आणि झाडे पोस्टर कलरमधलीच आहेत, हे सांगितल्यावर बाटल्या जरा आदराने उघडल्या जातात.

कागद स्कॅन करून फोटोशेजारी ठेवला, तेव्हा एक नवी अडचण दिसली. आभाळाला कागदाचा दाणा होता, भिंतीला कॅमेऱ्याचा गोंगाट, म्हणजे फोटोतले बारीक ठिपके, होते आणि दोन्ही मोठ्या पडद्यावर वेगवेगळे थरथरल्यासारखे दिसत होते. त्यावर केलेला उपाय इतका साधा आहे, की सांगायला संकोच वाटतो. त्याच कागदाचा एक ताव सपाट राखाडी वॉशने रंगवला, वाळवला, तीनशे डीपीआयवर, म्हणजे इंचाला तीनशे ठिपके या हिशेबाने, स्कॅन केला आणि तो सगळ्या चित्रावर अगदी हलक्या थराने पसरला. बारा इंच रुंद कागदाचे असे ३६०० पिक्सेल होतात आणि १९२० रुंदीच्या चौकटीला ते पुरून उरतात. भिंत, आभाळ, छप्पर सगळे एकाच कागदावर बसले.

असे काम चालू असताना एका ग्राहकाने, दुसऱ्या एका कामाच्या वेळी, फोटोवर पेंटिंगचा फिल्टर मारून का भागत नाही असे विचारले होते आणि त्या दिवशी मला पटेल असे उत्तर देता आले नाही. आता देता येईल. फिल्टर सगळ्या चित्रावर एकाच आकाराचा फटकारा मारतो. आभाळालाही तोच, शेवाळालाही तोच, आजीच्या दाराच्या कडीलाही तोच. हात तसे करत नाही. आभाळाला दोन इंचांचा ब्रश लागतो आणि कडीला शून्य नंबरचा, आणि मधल्या भिंतीचा मोठा भाग हात मुद्दाम आळसाने उरकतो, कारण तिथे कोणी पाहायचे नसते. फिल्टरला आळस करता येत नाही. फोटो जसाच्या तसा ठेवून चांगले काम होतच नाही असे मात्र मला म्हणायचे नाही. ‘द अमेझिंग वर्ल्ड ऑफ गंबॉल’ या २०११ पासूनच्या मालिकेत खऱ्या रस्त्यांचे आणि घरांचे फोटो मागे असतात आणि पुढे सपाट रंगांची, ठळक रेषांची पात्रे हिंडतात. तिथे दोघांमधली विजोडता हीच गंमत आहे आणि ती लपवण्याचा कोणी प्रयत्नच करत नाही. आमच्या आजीला त्या गमतीत बसवता आले नसते.

शॉटच्या मधल्या चार सेकंदांत कॅमेरा आजीबरोबर सरकतो. हे सरकणे खरे वाटायचे असेल तर चित्र एकसंध ठेवून चालत नाही. जवळचे वेगाने आणि दूरचे सावकाश सरकायला हवे. काचेच्या थरांवर वेगवेगळी चित्रे ठेवून ती निरनिराळ्या वेगाने सरकवायचा मल्टिप्लेन कॅमेरा डिस्नेने १९३७ मध्ये वापरात आणला. आज तेच थर संगणकात असतात. माझे थर तीन होते. पुढे कर्दळीची पाने, मध्ये घर आणि अंगण, मागे माड. फ्रेममागे पुढचा थर बारा पिक्सेल, मधला सहा आणि मागचा दोन सरकवायचा ठरला. चार सेकंदांच्या ९६ फ्रेमचा हिशेब केला तर पुढचा थर ११५२ पिक्सेल, मधला ५७६ आणि मागचा १९२ पिक्सेल सरकतो. म्हणून १९२०च्या चौकटीसाठी त्यांची रुंदी अनुक्रमे ३०७२, २४९६ आणि २११२ तरी हवी, वर दोन्ही कडांना थोडा मोकळा भाग. हा हिशेब रंगवण्याआधी केला नाही तर शेवटच्या फ्रेममध्ये माडांच्या पलीकडे पांढरी पट्टी उघडी पडते. आजीची पावले मात्र नेहमी मधल्या थराशी बांधलेली असली पाहिजेत. एका चाचणीत अंगणाचा पुढचा तुकडा चुकून कर्दळीच्या थरात गेला आणि आजी सारवणावरून घसरत विहिरीकडे गेली. सगळे हसले. मीही हसले, पण तो तुकडा परत आणून कड जुळवताना रात्रीचे अकरा वाजले.

विहिरीच्या कठड्याबद्दल सांगायचे राहिले. काठाच्या एका चिऱ्यावर दोराने पडलेल्या खाचा आहेत. पाच-सहा, वेगवेगळ्या खोलीच्या, एक तर इतकी खोल, की तिच्यात अंगठा बसतो. रहाट बसवण्याआधी किती पिढ्यांनी त्यावरून पाणी ओढले असेल ते आजोबांनाही ठाऊक नाही. मी त्या रंगवून पाहिल्या. रंगवलेल्या खाचा फार नीटनेटक्या आल्या, एकमेकींना समांतर आणि सारख्या अंतरावर, जणू कोणी आखून कोरल्या असाव्यात. खऱ्या खाचा तशा नाहीत. प्रत्येक माणूस जरा वेगळ्या जागी उभा राहून, जरा वेगळ्या उंचीवरून ओढत आला आहे आणि दोन खाचा तर एकमेकींना छेदून गेल्या आहेत. ते माझ्या डोक्यातून निघाले नसते. म्हणून तेवढा चिरा मी फोटोतला तसाच ठेवला. फक्त सकाळच्या उजेडासाठी त्यावर थोडा पिवळा चढवला.

अंतिम जुळणीत आजी कठड्यापाशी येते, कळशी खाली ठेवते आणि नेमका त्याच चिऱ्यावर हात टेकून उभी राहते. खाचा त्याआधी चौदा फ्रेम दिसतात. मी मोजल्या आहेत.